गौरीपूजनाच्या भेटी आणि सीपी-सॅट: दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

गूगलने तयार करून सर्वांसाठी मोफत खुल्या केलेल्या ओआर-टूल्स या संचातला सीपी-सॅट हा सॉल्व्हर, म्हणजे अटी दिल्या की त्यांत बसणारे उत्तर शोधून देणारा प्रोग्रॅम, प्रामुख्याने कारखान्यांची वेळापत्रके, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आणि मालवाहतुकीचे मार्ग आखण्यासाठी वापरला जातो. मी तो सलग दोन वर्षे गुहागरच्या आमच्या मूळ घरी वापरला. गौरीपूजनाच्या रात्री आमच्याकडे भेटींची देवाणघेवाण होते, आणि त्यात कोणी कोणाला भेट द्यायची हे ठरवण्याचे काम मी त्याच्याकडे सोपवले. एवढ्या मोठ्या अवजाराची घरगुती कामाला गरज आहे का, असे मला अनेकांनी विचारले. आमच्या घरचे नियम पाहता गरज आहे, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे सविस्तर मांडण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

आधी आमची परिस्थिती सांगतो. गणपतीला पाच बिऱ्हाडे एकत्र येतात. गुहागरच्या घरात आम्ही सात जण असतो, पुण्याहून पाच जण येतात, डोंबिवलीचे चौघे रेल्वेने चिपळूणला उतरून एसटीने येतात, खुद्द चिपळूणहून तिघे आणि रत्नागिरीहून दोघे येतात, अशी एकूण एकवीस माणसे होतात. त्यांत बारा वर्षांखालची पाच मुले आहेत. प्रत्येकाने एकाच माणसाला तीनशे रुपयांच्या आतली भेट द्यायची आणि आपल्याला कोण देणार हे आरती-जेवणे आटोपून सगळे ओटीवर बसेपर्यंत कोणालाही कळू द्यायचे नाही, अशी रीत आहे. भेटी साध्याच असतात: फणसपोळीचे पाकीट, सावंतवाडीची लाकडी फळे, एखादे पुस्तक, आजीसाठी गरम मोजे.

पूर्वी आम्ही जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून पितळी डब्यात टाकायचो आणि प्रत्येकाने एक उचलायची. ज्याच्या हाती स्वतःचे नाव येई तो चिठ्ठी परत टाके, आणि तिथूनच गोंधळ सुरू होई, कारण परत टाकलेल्या चिठ्ठीवर कोणाचे नाव होते हे सगळ्यांना कळलेले असे. चिठ्ठ्यांच्या या गणिताचा विचार फ्रान्समधल्या पिएर रेमों द माँमोर यांनी १७०८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केला होता. एकालाही स्वतःची चिठ्ठी न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते, आणि घरात दहा माणसे असोत किंवा शंभर, हा आकडा जवळजवळ हलत नाही. म्हणजे तीनांपैकी जवळजवळ दोन वेळा पहिला फेरा फुकटच जातो.

हा झाला एकट्या स्वतःच्या चिठ्ठीचा हिशेब. आमच्याकडे दुसराही नियम आहे, तो असा की आपल्याच बिऱ्हाडातल्या माणसाला भेट द्यायची नाही, कारण तसे झाले तर वर्षातून एकदा एकत्र येण्याचा हेतूच राहत नाही. बिऱ्हाडांच्या ७, ५, ४, ३ आणि २ या संख्यांचे वर्ग करून बेरीज केली तर १०३ येते, आणि तिला २१ ने भागले की सरासरी जवळजवळ पाच जणांच्या हाती आपल्याच बिऱ्हाडातली चिठ्ठी येते असे दिसते. पाच जणांनी चिठ्ठ्या परत टाकून पुन्हा उचलायच्या म्हटले की गुप्तता कुठली राहायला? शेवटच्या चिठ्ठीच्या वर्षी आम्ही अर्धा तास अदलाबदल करत बसलो होतो, आणि भेटी उघडायच्या आधीच निम्म्या जोड्या सर्वांना ठाऊक झाल्या होत्या.

त्यानंतर एका संकेतस्थळाची मोफत सेवा वापरून पाहिली. त्या सेवेला प्रत्येकाचा ईमेल हवा होता, आणि आमच्या आजीकडे तो नाही. नवरा-बायकोची जोडी वगळण्याची सोय तिथे होती, पण आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी अट सांगायला जागाच नव्हती.

ती अट म्हणजे साखळी एकच असावी. ओटीवर पहिला माणूस उठून आपली भेट देतो, ज्याला ती मिळाली तो उठून पुढच्याला देतो, आणि असे करत करत शेवटची भेट पहिल्या माणसाकडे परत येते. मधेच चौघांचे वर्तुळ पूर्ण झाले की खेळ थांबतो, पुन्हा कोणालातरी उठवावे लागते, आणि ज्यांची वेळ अजून आली नाही त्यांच्यात कोण उरले आहे याचा अंदाज सगळ्यांना येऊ लागतो. एकवीस जणांच्या चिठ्ठ्या कशाही उचलल्या तर सर्वांची मिळून एकच साखळी तयार होण्याची शक्यता नेमकी एकविसात एक असते. बाकीचे नियम तिच्यासोबत पाळायचे म्हटले, तर चिठ्ठ्यांच्या डब्यातून योग्य मांडणी आपोआप निघण्याची वाट पाहण्यात काहीच अर्थ उरत नाही.

इथेच कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग, म्हणजे अटी मांडून उत्तर मागण्याची पद्धत, कामाला येते. सुडोकू सोडवणाऱ्याला ती लगेच समजेल. उत्तर कसे शोधायचे हे आपण सांगत नाही, उत्तर कसे असले पाहिजे एवढेच सांगतो. मी प्रत्येक देणाऱ्याकडून प्रत्येक संभाव्य घेणाऱ्याकडे एक बाण कल्पिला, आणि त्या बाणासाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एकच मूल्य घेणारे एक चल ठेवले. एकवीस गुणिले एकवीस म्हणजे ४४१ बाण. त्यातून एकाच बिऱ्हाडातले १०३ काढले, ज्यात स्वतःकडून स्वतःकडे जाणारे बाणही आले, तेव्हा ३३८ उरले. गेल्या वर्षीच्या २१ जोड्या वगळल्यावर ३१७ राहिले. मग हे सगळे बाण सीपी-सॅटमधल्या ‘ॲड सर्किट’ या एका अटीला दिले, की यांतून सर्व माणसांना एकेकदा स्पर्श करणारे एकच वर्तुळ निवड. साखळी एकच झाली की प्रत्येकाने एकदाच देणे आणि एकदाच घेणे आपोआप साधते. तू मला आणि मी तुला असा प्रकारही आपोआप टळतो, त्यासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे सगळे पन्नास ओळींच्या आत बसले.

नवख्यांसाठी या ठिकाणी एक सूचना आवर्जून देतो. स्वतःकडून स्वतःकडे जाणारा बाण ‘ॲड सर्किट’ला दिला, तर त्याचा अर्थ ‘हा माणूस वर्तुळाबाहेर राहिला तरी चालेल’ असा घेतला जातो. वाहनांच्या मार्गांसाठी ही सोय उपयोगी आहे, पण भेटवाटपात तिच्यामुळे एखादा माणूस भेटीविना राहू शकतो. पहिल्या प्रयत्नात मी हे बाण काढायला विसरलो होतो. आलेल्या यादीत माझ्या चिपळूणच्या काकूंचे नाव कुठेच नव्हते, तेव्हा ही चूक माझ्या लक्षात आली.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दिलेल्या बाणांतून सर्वांना जोडणारे वर्तुळ शोधणे हा प्रश्न सर्वसाधारणपणे अवघड मानला जातो, आणि रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली मांडलेल्या एकवीस अवघड प्रश्नांच्या प्रसिद्ध यादीत त्याचा समावेश आहे. पण एकवीस माणसांच्या आकाराला सीपी-सॅट डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उत्तर देतो. एखादी निवड पुढे जाऊन अटींशी भांडते असे दिसले, की त्या भांडणाचे कारण तो नव्या अटीच्या रूपात लिहून ठेवतो आणि तीच चूक पुन्हा करत नाही. त्याचे बळ यात आहे. कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंगच्या सॉल्व्हरांची ‘मिनिझिंक चॅलेंज’ नावाची स्पर्धा दरवर्षी होते, तिच्यात ओआर-टूल्सने अनेक वर्षे सुवर्णपदके मिळवली आहेत.

माझ्या दृष्टीने या अवजाराचा सर्वांत मोलाचा गुण वेगळाच आहे, आणि तो मला पहिल्याच वर्षी एका अडचणीतून कळला. लहान मुलांनी मोठ्यांना काय आवडते हे ओळखून भेट आणणे कठीण जाते, म्हणून मुलांनी मुलांनाच भेट द्यावी अशी सूचना पुण्याच्या वहिनींनी केली. सूचना सर्वांना पटली, मी ती अट जोडली आणि प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर एकच शब्द उमटला: ‘इन्फीझिबल’, म्हणजे या अटी एकत्र पाळणे अशक्य आहे. मला आधी वाटले की टंकनात काही चुकले असेल. गेल्या वर्षीच्या जोड्यांची अट काढली तरी तोच शब्द आला, आणि बिऱ्हाडांची अट काढली तरी तोच. मुलांची अट काढली तेव्हा मात्र साखळी लगेच तयार झाली.

मग कागदावर पाच ठिपके काढून पाहिले आणि कारण उघड झाले. पाच मुलांनी पाच भेटी मुलांनाच दिल्या, तर पाचही मुलांना आपापली भेट मिळून जाते, मुलांकडून एकही बाण मोठ्यांकडे जात नाही आणि मोठ्यांकडून एकही मुलांकडे येत नाही. म्हणजे मुलांचे वर्तुळ वेगळे पडणारच, आणि ‘सर्वांची एकच साखळी’ या अटीशी त्याचा मेळ कधीच बसणार नाही. ओटीवर बसलेल्या आम्हा दहा-बारा मोठ्या माणसांपैकी, ज्यांत गणित शिकवणारा मीही होतो, एकाच्याही हे ध्यानात आले नव्हते. चिठ्ठ्यांच्या डब्याने आम्हाला हे कधीच सांगितले नसते. आपण चिठ्ठ्या टाकत आणि उचलत राहिलो असतो आणि नशिबाला दोष दिला असता. नियम पाळणारी मांडणी अजून सापडली नाही, आणि अशी मांडणी असूच शकत नाही, या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत, आणि दुसरी गोष्ट खात्रीने सांगणारे साधन घरात असणे मला फार मोठी गोष्ट वाटते.

मार्ग वहिनींनीच काढला. मी त्यांना अडचण समजावून सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “भावजी, मग चार मुलांनी मुलांना द्यावे आणि पाचव्याने कोणा मोठ्याला द्यावे. एका मुलाने आजीला काही दिले तर ते चांगलेच आहे की!” नेमके हेच उत्तर होते. एका साखळीत पाच मुलांपैकी जास्तीत जास्त चारच मुले मुलांना भेट देऊ शकतात, आणि तेव्हा पाचही जण साखळीत एकापाठोपाठ एक येतात. मी ‘मुलांकडून मुलांकडे जाणाऱ्या बाणांची बेरीज किमान चार’ अशी अट लिहिली आणि साखळी तयार झाली. त्या वर्षी ओटीवर पाच मुले सलग उठली, आणि पाचव्याच्या हातातले पुडके शेवटी आजीच्या मांडीवर गेले. चिठ्ठ्यांच्या भरवशावर पाचही मुले अशी सलग येण्याची शक्यता, साखळी एकच झाली आहे असे धरले तरी, ९६९ मध्ये एक एवढीच आहे.

याच प्रसंगात सीपी-सॅटची एक उणीवही दिसते. अशक्य आहे असे तो सांगतो, पण का अशक्य आहे हे आपणहून सांगत नाही. त्यासाठी एक सोय आहे: प्रत्येक नियमाला एक कळ जोडायची, सगळ्या कळा चालू आहेत असे गृहीतक द्यायचे, आणि उत्तर अशक्य आले की कोणत्या कळा मिळून अशक्यतेला पुरेशा आहेत याची यादी मागायची. दुसऱ्या वर्षी मी ती वापरली आणि ती चांगली आहे. मात्र मिळणारी यादी शक्य तितकी लहान असेलच अशी खात्री नसते, आणि मी वापरली तेव्हा ‘ॲड सर्किट’सारख्या मोठ्या अटीला अशी कळ जोडता येत नव्हती. तंत्रज्ञाला हे चालून जाईल, पण घरगुती वापर करणाऱ्याने अटी एकेक करून जोडाव्यात आणि प्रत्येक वेळी प्रोग्रॅम चालवून पाहावा, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, आणि ती समजून न घेता हे अवजार वापरू नये असे मला मनापासून वाटते. सॉल्व्हरचे काम नियमांत बसणारे उत्तर शोधणे हे आहे, चिठ्ठी काढणे हे त्याचे काम नाही. तो जे पहिले उत्तर देतो ते सर्व संभाव्य उत्तरांतून निःपक्षपणे उचललेले असते असे मुळीच नाही. यादीत नावे कोणत्या क्रमाने लिहिली यावरही ते अवलंबून असू शकते. शोधाची सुरुवात बदलणारा ‘रँडम सीड’ नावाचा आकडा बदलता येतो, पण त्याने वाट बदलते, सर्वांना समान संधी मिळतेच असे नाही. भेटवाटपात नशिबाचा वाटा खरा असायला हवा. रत्नागिरीच्या आत्यांचे नाव दरवर्षी मोजक्या दोघा-तिघांकडेच जाऊ लागले, तर नियम पाळले जाऊनही तो अन्यायच ठरेल.

यावर मी असे केले की ३१७ बाणांपैकी प्रत्येकाला एक ते हजार यांमधला एक आकडा पायथॉनकडून यदृच्छया घेऊन जोडला, आणि ज्या साखळीतल्या आकड्यांची बेरीज सर्वांत कमी असेल ती साखळी मागितली. त्यामुळे प्रत्येक नियमबद्ध साखळीला निवडून येण्याची संधी मिळते. ही संधी सर्वांना तंतोतंत सारखी असते असे गणिताच्या भाषेत म्हणता येणार नाही, पण नावांच्या क्रमाचा प्रभाव जवळजवळ उरत नाही. ज्यांना तंतोतंत समानताच हवी आहे त्यांच्यासाठी मार्ग साधा आहे: नावे पत्त्यांसारखी पिसावीत, वर्तुळात लावावीत, नियम मोडला तर पुन्हा पिसावीत. आमच्या नियमांनी असे पुष्कळ वेळा पिसावे लागते, पण संगणक ते करतो. फक्त अटी परस्परविरोधी असतील तर हा मार्ग कायमचा पिसतच राहतो. म्हणून आधी सीपी-सॅटकडून उत्तर अस्तित्वात आहे याची खात्री करून घ्यावी आणि मग पिसावे, हे मला सर्वांत निर्दोष वाटते.

गेल्या वर्षी या अवजाराची खरी परीक्षा झाली. साखळी ठरली, नावांची पाकिटे वाटली गेली, बहुतेकांच्या भेटीही घेऊन झाल्या, आणि चतुर्थीच्या चार दिवस आधी डोंबिवलीच्या दादांचा फोन आला की घरात आजारपण आहे, चौघांचेही येणे होणार नाही. नव्याने मांडणी केली असती तर सतरा जणांच्या भेटी चुकीच्या माणसांसाठी घेतल्या गेल्या असत्या. आजोबांसाठी घेतलेली छत्री आठ वर्षांच्या मुलीला कशी द्यायची? तेव्हा मी सॉल्व्हरला उद्दिष्ट बदलून दिले: नियम तेच ठेव, पण आधी ठरलेल्या जोड्यांपैकी जास्तीत जास्त तशाच राहू दे. न येणाऱ्या चौघांपैकी कोणीही साखळीत शेजारी-शेजारी नव्हते, कारण ते एकाच बिऱ्हाडाचे. म्हणून त्यांच्याशी जोडलेल्या नेमक्या आठ जोड्या तुटणार होत्या आणि उरलेल्या तेराहून एकही जास्त वाचणे शक्य नव्हते. सीपी-सॅटने तेराच्या तेरा जोड्या राखल्या आणि उत्तरापुढे ‘ऑप्टिमल’, म्हणजे याहून चांगले उत्तर असूच शकत नाही, असा शिक्का दिला. फक्त चार जणांना नवी पाकिटे द्यावी लागली. हाताने बसून मला हे साधले असते की नाही, याची शंका आहे. साधले असते तरी सगळ्या जोड्या मला कळल्या असत्या, आणि त्या रात्री माझ्यासाठी उत्सुकता उरली नसती.

गुप्ततेची व्यवस्था सॉल्व्हर करत नाही, ती आपण करायची असते. माझा प्रोग्रॅम उत्तर पडद्यावर दाखवतच नाही. तो प्रत्येकाच्या नावाने एक वेगळी फाइल तयार करतो, पुतण्या त्या फाइली न उघडता छापतो, कागद छापील बाजू आत करून दुमडले जातात आणि वर फक्त देणाऱ्याचे नाव असते. आजीचे पाकीट तिच्या हातात दिले की ती ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवते आणि सगळे पांगल्यावर उघडते. नावे देवनागरीत लिहिली तरी काही अडत नाही. एकदा बसवून घेतले की इंटरनेटही लागत नाही. भाद्रपदातल्या पावसात आमच्याकडे जाळे तासन्‌तास गायब असते, तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते.

कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये, हेही सांगायला हवे. आठ-दहा मित्रांचा गट असेल आणि स्वतःचे नाव येऊ नये एवढाच नियम असेल, तर चिठ्ठ्या पुरेत. बिऱ्हाड वगळण्याचाच नियम असेल आणि साखळी एक असण्याचा आग्रह नसेल, तर तो सरळ जोड्या लावण्याचा प्रश्न होतो, आणि त्यासाठी हॅरॉल्ड कुन यांनी १९५५ साली मांडलेली हंगेरियन पद्धत पुरेशी आहे. त्या बाबतीत एक गोष्ट आधीच मोजून घ्यावी: एका बिऱ्हाडात निम्म्याहून जास्त माणसे असतील तर कोणतेही यंत्र उत्तर देऊ शकणार नाही, कारण त्यांच्या भेटी घ्यायला बाहेरची माणसेच कमी पडतात. आमच्याकडे शिमग्याला कधी कधी गुहागरचे सात आणि बाहेरचे चौघेच असतात, त्या दिवशी हा खेळ होत नाही.

ज्यांना पायथॉनची अजिबात सवय नाही त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात वाढलेली मिनिझिंक ही भाषा पाहावी. तीही मोफत आहे, तिच्यात वर्तुळाची अट एका ओळीत लिहिता येते, आणि वाचताना ती गणिताच्या वहीसारखी वाटते. मी मात्र सीपी-सॅटवर राहिलो, कारण पाकिटांच्या फाइली तयार करणे, यदृच्छ आकडे देणे आणि जुन्या जोड्यांच्या याद्या वाचणे ही कामे त्याच प्रोग्रॅममध्ये होतात. दस्तऐवज इंग्रजीत आहेत आणि त्यांतली बरीच उदाहरणे कारखान्यांची आहेत, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस चिकाटी लागते. माझा अकरावीतला पुतण्या आता स्वतः अटी लिहितो.

यंदा डोंबिवलीचे चौघे येणार आहेत आणि त्यांची तिकिटेही काढून झाली आहेत. मागच्या एकाऐवजी मागच्या दोन्ही वर्षांच्या जोड्या वगळाव्यात असे सर्वानुमते ठरले आहे. ३३८ बाणांतून आधीच्या वर्षाचे २१ आणि गेल्या वर्षीचे १७ गेले की बरोबर ३०० उरतात. श्रावणी सोमवारी पुतण्याने यादी भरून प्रोग्रॅम चालवला, साखळी निघाली, आणि छापलेल्या एकवीस कागदांची चळत आता माजघरातल्या कपाटात, आजीच्या किल्लीखाली आहे.